मेंढराच्या कातड्याखालचा गुडघा

मी हातोडीच, पण खिळ्यांची नव्हे, गुडघ्यांची. डोकं रबराचं, दांडा स्टीलचा. पेरू देशात, पुनोच्या डोंगरातल्या एका लहान दवाखान्यात, नेलिदा सिस्टरच्या खिशात माझा मुक्काम.

काम एवढंच. गरोदर बाईला मॅग्नेशियमची सलाईन लावली की तासातासाला गुडघ्याखाली ठोकायचं. पाय उडाला तर ठीक. नाही उडाला तर औषध अंगात जास्त झालं, सलाईन बंद.

जूनच्या थंडीत, आमच्याकडे तो ऐन हिवाळा, एदिल्मा आली. सातवा महिना आणि कळा सुरू. सोबत सासू, फाउस्तिना.

"प्रेशर तर चांगलं आहे हिचं. मॅग्नेशियम कशाला?" नेलिदाने विचारलं. आमच्याकडे ते प्रेशरवाल्या बायकांनाच देत.

"हे बाळासाठी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूला जपतं. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे हातपाय कायमचे ताठ राहण्याचा, धोका टळतोच असं नाही, पण कमी होतो."

सलाईन सुरू होताच औषधाने एदिल्माचं अंग आतून तापलं. सासूला बरंच वाटलं. "गारठा शिरला म्हणूनच कळा आल्या. आता ऊब आली बघ."

तासाभराने नेलिदाने घागऱ्यावरूनच ठोकलं. पाय हलेना. पुन्हा ठोकलं. काही नाही. तिचा हात सलाईन बंद करायला गेला. मला ठाऊक होतं, मी गुडघ्याला लागलेच नव्हते. पण मला विचारतो कोण?

"सिस्टर, मला काही लागलंच नाही," एदिल्मा पेंगत म्हणाली.

नेलिदाने घागरे वर केले. एकाखाली एक, तीन. त्याखाली लोकरी मोजे, आणि गुडघ्यांवर पट्ट्याने आवळलेलं मेंढराचं कातडं.

"आजी, हे काय?"

"गारठा गुडघ्यातूनच शिरतो, पोरी. तुमच्या पुस्तकात नसेल."

"सोडा आधी. तुमच्या मेंढरापायी नातवाचं औषध बंद करत होते मी."

म्हातारी सुनेच्या पायांवर वाकली. गाठी घट्ट बसल्या होत्या म्हणून तिने त्या दातांनी सोडल्या. मी उघड्या गुडघ्याखाली लागले आणि पाय उडून तिच्या हनुवटीवर बसला.

"लाथ मारते मेली," ती म्हणाली आणि रडायला लागली.

बाळ पहाटे झालं, सव्वा किलोचं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत दीड महिना राहिलं.

आता माझं रबर चिरलंय, लवकरच मला टाकतील. टाकोत बापडे. पण दिवस भरण्याआधी कळा आलेल्या बाईचं नुसतं प्रेशर बघून थांबू नका, बाळासाठी मॅग्नेशियम हवं का, तेही विचारा.

काल एदिल्मा आणि फाउस्तिना मुलाला दाखवायला घेऊन आल्या. दीड वर्षाचा आहे. मी त्याच्या गुडघ्याखाली लागले, पाय हलकेच उडाला. हे औषधामुळेच झालं असं मी म्हणत नाही. तेच औषध मिळालेल्या दुसऱ्या एका मुलाचे पाय ताठच राहिले. हा मात्र टेबलावरून उतरला आणि डुलत डुलत दाराबाहेर गेला.

"धरा त्याला," एदिल्मा सासूला म्हणाली.

"तूच धर," फाउस्तिना बाकावर बसत म्हणाली. "त्याच्यामागे पळायला माझ्या पायांत आता जोर नाही."