सायकलीवरचा बर्फ

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये बर्फ पडायला लागला की शहाणी माणसं घरात शिरत आणि सुलेखा बाहेर पडे. वारा नसलेला, आवाज न करता पडणारा बर्फ असला तर मग विचारायलाच नको. राजीव खिडकीतून आभाळाकडे बघत म्हणायचा, "निघाली आमची शिकारीण," आणि स्वतःच तिची कानटोपी शोधून द्यायचा. दोघंही नागपूरचे. जिथे कूलरसमोरच्या जागेवरून भावंडांची जुंपते, तिथल्या बाईला बर्फाचं एवढं काय कौतुक, हे त्याला इतके हिवाळे काढूनही उमगलं नव्हतं.

कॅमेरा छोटासा, खिशात मावणारा. मुलगी निधी कॉलेजला गेली आणि नवा घेऊन बसली, तेव्हा मागे राहिलेला. शिकवायला कुणी नव्हतं. पहिल्या हिवाळ्यातले सगळे फोटो ओल्या सिमेंटसारखे आले. डोळ्यांना शुभ्र दिसलेला बर्फ फोटोत करडा. आधी तिला वाटलं, कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलंय. मग बटणं दाबून दाबून, एकच कुंपण शंभरदा टिपून तिच्या लक्षात आलं, की इतकं पांढरं बघून हा बिचारा बिचकतो. उजेड फार झाला असं समजून सगळंच काळवंडून टाकतो. त्याला अधिकच्या चिन्हाचं बटण दाबून सांगावं लागतं, की बाबा रे, घाबरू नकोस, हे खरंच एवढं पांढरं आहे. तेव्हापासून सुलेखाचा बर्फ बर्फासारखा यायला लागला, आणि ही गोष्ट आपण कुणालाही न विचारता शोधली याचा तिला आतल्या आत भारी अभिमान होता.

फोटो ती नागपूरला ईमेलने पाठवायची. मग जाऊबाईंचा फोन यायचा. "छान आहेत गं. पण एकातही तू नाहीस. भावजी तरी कुठे दिसतात?"

अमेरिकेतून घरी पाठवायच्या फोटोंची एक रीतच होती. घर घेतलं की दारात उभं राहून, गाडी घेतली की बॉनेटवर हात ठेवून, नायगारा बघितला की त्याच्याकडे पाठ करून. माणूस नसलेला फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो. राजीव पक्का त्याच रीतीतला. संक्रांतीला गावातल्या मैत्रिणीकडे, शोभनाकडे, हळदीकुंकवाला निघताना त्याने सुलेखाला काळ्या साडीत अंगणातल्या बर्फावर उभं केलं, जॅकेट काढायला लावलं आणि तिच्याच कॅमेऱ्याने फोटो काढला. निऱ्यांखाली गुडघ्यापर्यंतचे बूट. दात वाजत असताना ती हसली होती, आणि फोटो खरंच सुरेख आला होता.

त्याच महिन्यात लायब्ररीने जाहीर केलं, की गावातल्या हिवाळ्याचे फोटो पाठवा, निवडक फोटो फ्रेम करून भिंतीवर लावू, खाली काढणाऱ्याचं नाव. सुलेखाने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तिला ती भिंत हवी होती. या गावात ती राजीवची बायको होती, निधीची आई होती, शोभनाच्या ग्रुपमधली अळूवड्या छान करणारी होती. भिंतीवर फक्त तिचं नाव असणार होतं, आणि तिने बघितलेलं काहीतरी.

फोटो कुठला, हे ठरलेलं होतं. रविवारी पहाटे ती स्टेशनवर गेली होती. शिकागोच्या गाडीला अजून अवकाश होता. सायकली लावायच्या जागी कुणाची तरी एकच सायकल रात्रभर राहून गेली होती. सीटवर गादीसारखा बर्फ, हँडलवर बोटभर उंच पांढरी रेघ, चाकाच्या एकेका तारेवर सुद्धा. मागे रिकामे रूळ. गाडी येऊन हादरा बसण्याआधी तिने तो टिपला, आणि घरी येईपर्यंत तिला बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं.

फोटो द्यायच्या शेवटच्या दिवशी ती तापाने पडली. राजीवला कॅमेऱ्यातलं कार्ड देऊन म्हणाली, "सायकलवाला प्रिंट करा आणि ऑफिसला जाताना देऊन या."

"एवढंच ना? डन," राजीव म्हणाला.

आठवड्याने लायब्ररीतून मिसेस हॉफमन यांचा फोन आला. तुमचा फोटो निवडला गेला आहे, कमिटीला फार आवडला, अगदी दारासमोर लावणार आहोत. सुलेखाने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"बर्फात उभी असलेली ती काळ्या वस्त्रांतली बाई," मिसेस हॉफमन म्हणाल्या, "कोण आहे ती?"

सुलेखाने पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "मी येऊन सांगते."

संध्याकाळी राजीव बूट काढत होता तेवढ्यात तिने विचारलं, "सायकलवाला का नाही दिलात?"

"अगं, दुकानात दोन्ही काढून घेतले. शेजारी ठेवून बघितले. एकात रिकामी सायकल, एकात तू. माझ्या जागी कुणीही असता तरी त्याने हेच केलं असतं. सिलेक्ट झाला ना शेवटी?"

"झाला. दारासमोर लागणार आहे."

"बघ. तरी तोंड असं?"

"अहो, तो फोटो तुम्ही काढलाय."

"कॅमेरा तुझा, साडी तुझी, उभी तू. मी नुसतं बटण दाबलं. यार, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसतेस? कुणाला कळणार आहे?"

"मला," सुलेखा म्हणाली. "लोक म्हणतील, काय सुंदर फोटो काढलाय सुलेखाने. आणि मी मान डोलवत बसू?"

राजीव मोजा हातात धरून तसाच बसला. "मला वाटलं, तुझी निवड व्हावी," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्यावर नीट रागावताही येईना. तिने त्याला चहा दिला, पण बिस्किटं दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॅगेतला सायकलीचा प्रिंट घेऊन ती लायब्ररीत चालत गेली. काय बोलायचं ते वाटेत इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं, पण टेबलापाशी पोचल्यावर त्यातलं निम्मं पळालं.

"हा फोटो सुंदर आहे," ती म्हणाली. "पण माझ्या नवऱ्याने काढलाय. मी नुसती त्यात उभी आहे. तो काढून टाका. माझा हा आहे."

मिसेस हॉफमन यांनी चष्मा चढवला. मुदत संपली आहे, कमिटीला विचारावं लागेल, नाही म्हणाले तर तुमचा एकही लागणार नाही, चालेल का? हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. सुलेखा म्हणाली, "चालेल." आणि तिने प्रिंट टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

मग त्या बाईंनी प्रिंट खिडकीशी नेला आणि बराच वेळ बघितला. "यातला बर्फ पांढरा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचा कसा राखेसारखा आलाय. हे कसं केलंत?"

"कॅमेरा घाबरतो," सुलेखा म्हणाली. "त्याला समजावलं."

दोन दिवसांनी होकार आला. पण दारासमोरची जागा तोवर कुणाच्या तरी गोठलेल्या नदीला गेली होती. सायकलीला इमारतीतल्या मागच्या बोळात, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी जागा मिळाली.

"नळाशेजारी?" राजीव तिच्यापेक्षा जास्त दुखावला. "मी बोलतो त्यांच्याशी."

"काही बोलायचं नाही," सुलेखा म्हणाली. "नदी बघून पुढे निघून जातील. तहान सगळ्यांना लागते."

प्रदर्शनाच्या दिवशी राजीवने टाय घातला. शोभना नवऱ्याला घेऊन आली, आख्खी भिंत फिरून शेवटी बोळात पोचली आणि म्हणाली, "अगं बाई, तुला मागे टाकलं की." मग फ्रेमखालचं नाव तिने मोठ्याने वाचलं. सुलेखा देशकर. एवढंच, कुणाची कोण ते काही नाही. शोभनाने ते पुन्हा एकदा वाचलं, जरा हळू, आणि सुलेखाच्या दंडाला चिमटा काढला.

ती मंडळी कॉफीकडे गेली. सुलेखा आणि राजीव बोळाच्या टोकाशी थांबले. एक उंच म्हातारा, कुणाच्या ओळखीचा ना पाळखीचा, नळावर वाकून पाणी प्यायला. तोंड पुसत सरळ झाला, तर समोर सायकल. पुढे जायला निघालेला तो थांबला. जवळ गेला. लायब्ररीत हीटर एवढा होता, की राजीवने टाय सैल केला होता. म्हाताऱ्याने मात्र फोटोवरची नजर न हलवता कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि दोन्ही हात खिशात घातले.

राजीव तिच्याकडे वळून काही म्हणणार होता. तिने त्याच्या बाहीला हात लावून त्याला गप्प केलं. ताठ मानेने, गालातल्या गालात हसत, ती त्या गारठलेल्या माणसाकडे बघत उभी राहिली.