परीक्षेच्या दिवशी नळ

"या शाळेत आजपासून एकही मुलगी मागे राहणार नाही!" मुख्याध्यापक श्रीधर अष्टपुत्रे यांनी परिपाठाला जाहीर केलं. टाळ्या पडल्या, पण विरळ. कारण त्या दिवशी वस्तीत नळ आला होता आणि निम्म्या मुली घरी हंडे भरत होत्या.

शहरात पाणी कधीतरी आठवड्यानं येतं, आणि ते आलं की मुली शाळेत नसतात. हे सरांच्या ध्यानात आलं निवृत्ती जवळ आल्यावर. उशिरा कळलेली गोष्ट माणूस जोरात सांगतो. त्यांनी शिक्षकांना समतेवर इतकं ऐकवलं की मधली सुट्टी त्यातच गेली.

आठवीतली मोनाली शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होती. ती मिळाली तरच पुढं शिकायचं, असं घरात ठरलेलं. परीक्षेच्या रविवारी सकाळीच तिचा फोन आला.

"सर, मी नाय येत. नळ आलाय. आजीचे गुडघे धरलेत, पाणी कोण भरंल?"

"मी!" म्हणताना सरांना वर्तमानपत्रातला स्वतःचा फोटो दिसला.

निघताना पत्नी दमयंती हातात पाइप घेऊन म्हणाली, "अहो, आपल्याकडंही नळ आलाय."

"मोठं काम आहे," म्हणत सरांनी स्कूटरला किक मारली.

सर वस्तीत पोचताच मोनाली परीक्षेला पळाली. सरांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या. दारात बाजेवर आजी चंपाबाई देखरेखीला.

"ओ मास्तर, पयलं हंडे! पिण्याचं पाणी ड्रमात काहून घालायले?"

"आजी, शेवटी सगळं पाणी सारखंच."

"व्हय? मंग ड्रमातलं प्या बरं."

सरांनी ड्रममध्ये डोकावून पाहिलं आणि समतेचा हा मुद्दा मागे घेतला.

पाइप दोनदा निसटला. शर्ट अंगाला चिकटला. शेजारीण ओरडली, "चंपाबाई, गडी लई कामाचा दिसतो! आमच्याकडं बी धाडा."

दुपारी मोनाली धावतच आली. "सर, शेवटचं गणितसुद्धा आलं!"

सरांचा गळा भरून आला. कंबर आधीच भरून आली होती. "बाळांनो," त्यांनी नसलेल्या सभेला हाक मारली, "आज या घरात एक क्रांती..."

आतल्या पलंगावरची गोधडी हलली. तिच्यातून मोनालीचा मोठा भाऊ निघाला. विश्वजीत, त्यांचाच माजी विद्यार्थी. स्त्री-पुरुष समानतेवरच्या वक्तृत्वात त्याला पहिलं बक्षीस सरांनी स्वतःच्या हातानं दिलं होतं. तालमीत कमावलेले त्याचे दंड सर बघतच राहिले. घरात एवढा धडधाकट माणूस असताना बहिणीऐवजी मुख्याध्यापक पाणी भरत होते, एवढीच काय ती क्रांती झाली होती.

विश्वजीतनं डोळे चोळत वाकून नमस्कार केला.

"सर, तुम्ही? लई बरं वाटलं. नळ जायच्या आत एक बादली माझ्या आंघोळीला ठेवता का?"