कोळशाला दाखवलेला लाल दिवा

डोरीन क्रॅबट्रीचं पत्र ऑब्री पिकल्सला तोंडपाठ होतं. त्याचं उत्तर तेवढं त्याला लिहिता आलं नव्हतं. पानगळीच्या दिवसांत ते आलं आणि शेकोटीवरच्या घड्याळामागे उभं राहिलं. नाताळची शुभेच्छापत्रं त्याच्या शेजारी आली आणि गेली. ईस्टर तोंडावर आला तरी ते तिथेच होतं.

ते पत्र त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. स्टॅनरिजमधल्या हुबेहूब छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्यांच्या क्लबाचं प्रदर्शन दरवर्षी ईस्टरला, शनिवार ते सोमवार, मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये भरे. ऑब्री तिकीट काढून जाई, टेबलाभोवतीच्या दोरीपाशी उभा राही, चकार शब्द न काढता सगळं पाही आणि घरी येई. गेल्या वर्षी मात्र त्याला राहवलं नाही. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबाच नव्हता! त्याने सूचनापेटीत चिठ्ठी टाकली, ‘मालगाडीला गार्डाचा डबा नाही. त्या काळी अशी गाडी स्टेशनाबाहेर पडूच शकली नसती. – एक हितचिंतक.’ खाली नाव नव्हतं, म्हणून तो निश्चिंत होता. पण गावच्या ग्रंथालयात त्याने जन्मभर ‘पुस्तक परत करावे’ अशा चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. त्याचं अक्षर न ओळखणारं घर गावात सापडलं नसतं.

‘प्रिय हितचिंतक मिस्टर पिकल्स,’ क्लबाची चिटणीस डोरीन हिने लिहिलं होतं, ‘आमचा गार्डाचा डबा टेबलावरून पडून कामी आला. नवा करण्याइतकी चिकाटी आमच्यात कुणाकडे नाही. तुम्ही करा, आणि पुढच्या प्रदर्शनात आमच्याबरोबर दोरीच्या आत बसा. हो की नाही, तेवढं कळवा.’

दोरीच्या आत! हे शब्द वाचले की ऑब्री पत्र पुन्हा घड्याळामागे ठेवी. बाहेर उभं राहिलं की दुसऱ्यांच्या चुका दिसतात; आत बसलं की दुसऱ्यांना आपल्या दिसणार. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं दोरीला टेकून उभं राहताना त्याला आतच बसायचं होतं. ‘हो’ लिहावं तर डबा फसला म्हणजे? ‘नाही’ लिहायला तर हात धजेना. शेवटी त्याने दोन्हींपैकी काहीच लिहिलं नाही आणि गुपचूप डब्याच्या सुट्या भागांचं एक किट मागवलं.

गुपचूप म्हणजे हेस्टरला सोडून. हेस्टर ही त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती त्याच्याकडे राहत होती आणि स्वयंपाकघरातलं टेबल तिच्या ताब्यात होतं.

“चार चाकांचं खोकं ते,” ती म्हणाली, “आणि तोंड असं केलंयस, जसं काही जहाज बांधतोयस.”

“चारही चाकं एकदम टेकायला हवीत, हेस्टर. नाहीतर रुळावरून उतरेल.”

“मग टेकव की. आणि माझा आरसा कधी मिळणार? केस विंचरायचेत मला.”

आरसा टेबलावर आडवा पडला होता. घरात खात्रीने सपाट अशी तेवढी एकच वस्तू होती. त्यावर ऑब्रीने सांगाडा जुळवला, एक चाक अधांतरी राहिलं म्हणून सोडवला, परत जुळवला. चढताना धरायचे किटमधले प्लास्टिकचे जाडजूड दांडे त्याला पटले नाहीत. ते तासून त्याने बारीक तारेचे बसवले. एक तार चिमट्यातून निसटून हेस्टरच्या सूपमध्ये गेली.

डबा झाला. दोन्ही टोकांना व्हरांडे, छपरावर शेगडीचं धुराडं, बाजूंना लांब पायफळ्या, आणि एका टोकाला तीन इवलेसे लाल दिवे, चांगले पक्के चिकटवलेले. त्या दिव्यांवर ऑब्रीचा फार जीव होता. शेवटच्या डब्यावर लाल दिवा दिसला की सिग्नलवाला समजे, गाडी पुरी आली, मागे काही सुटलं नाही.

पण डबा कोरा करकरीत होता आणि असा डबा मालगाडीला शोभत नाही. त्याला वापरलेला दाखवायचा, म्हणजे मळवायचा, गंजवायचा. इथे ऑब्रीचा हात अडला. त्याने पुस्तकं काढली. एकात लिहिलं होतं, काजळी काळी नसते, तपकिरी असते. दुसऱ्यात लिहिलं होतं, काजळीला तपकिरी म्हणणाऱ्यांनी ती पाहिलेलीच नसते. तिसऱ्याचा लेखक दोघांवरही चिडलेला होता. रोज संध्याकाळी ऑब्री ब्रश उचले, डब्याजवळ नेई आणि धुऊन ठेवी.

“अरे, लाव एकदाचं!” हेस्टर म्हणाली. “डबकं दिसल्यावर वळसा घालून जाणारा पोरगा आख्ख्या गल्लीत तू एकटाच होतास.”

“बिघडला म्हणजे?”

“मळवायचाच आहे ना? मग बिघडणार काय?”

त्याने डोळे जवळजवळ मिटून पातळ काळपट रंग डब्याच्या अंगभर फासला आणि लगेच कापडाने वरून खाली पुसत आणला. फळ्यांच्या फटींत तेवढा मळ राहिला, बाकीचा पावसाने वाहून गेल्यासारखा दिसू लागला. ऑब्री चकित झाला. मग त्याला जोर चढला. लोखंडी पट्ट्यांना गंज आला. पायफळ्यांचा रंग मधोमध उडाला. छपरावर त्याने शेकोटीतली खरीखुरी काजळी भुरभुरली, धुराड्यापाशी दाट आणि पुढे विरळ. त्यासाठी हेस्टरचा पावडर लावायचा मऊ ब्रश घेतला. शेवटी गार्ड चढताना जिथे हात घालणार, तिथले दांडे त्याने पुसून लखलखीत केले. गार्ड आताच चहा प्यायला उतरलाय, असं वाटायला लागलं.

रविवारी हेस्टर चर्चहून आली ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली. दोन्ही गाल काळवंडलेले.

“सगळ्या बायका माझ्या तब्येतीची चौकशी करत होत्या,” ती म्हणाली. “पाद्रीबाबांनी तर हात हातात घेतला. ब्रश कुठाय माझा?”

ईस्टरच्या शनिवारी ऑब्री चष्म्याच्या डबीत कापूस घालून डबा घेऊन गेला. उत्तर दिलेलं नव्हतं, तेव्हा कुणाला भेटण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने वेगळाच बेत केला होता. देखाव्याच्या पडद्यामागे थांबलेल्या गाड्या सांभाळणारा वॉल्टर चहाच्या रांगेत गेल्यावर ऑब्री आत शिरला, मालगाडीच्या शेवटी डबा अलगद जोडला आणि बाहेर येऊन जुन्या पुस्तकांच्या टेबलामागे उभा राहिला.

थोड्या वेळाने कोळशाने भरलेली मालगाडी पडद्याआडून निघाली आणि डुलत डुलत स्टेशनात आली. गाडी चालवणारी डोरीन खुर्चीतून उठलीच.

“वॉल्टर! अरे, हा कुणाचा डबा? छप्पर बघ त्याचं! आणि दांडे बघ, हात लागून झिजलेत!”

ऑब्रीचे कान तापले. त्याने एक पुस्तक तोंडासमोर धरलं. ते विणकामाचं होतं.

मग गाडी परत निघायची वेळ झाली. इंजिन दुसऱ्या टोकाला आलं, गार्डाचा डबाही बाजूच्या रुळावरून नेऊन त्याच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे शेवटी, लावला गेला. गाडी हलली. दोरीपाशी चपटी टोपी घातलेले एक गृहस्थ होते. ते खोकले. ऑब्रीला तो खोकला ओळखू आला; चूक सापडलेला माणूस असाच खोकतो.

“काय हो बाई,” गृहस्थ म्हणाले, “हा गार्ड पुढच्या कोळशाला कशाला लाल दिवा दाखवतोय? कोळसा पळून जाईल म्हणून?”

माणसं हसली. ऑब्रीने पुस्तकावरून पाहिलं. डबा शेवटी होता, पण वळलेला नव्हता. पक्के चिकटवलेले तिन्ही दिवे गाडीच्या आतल्या बाजूला, कोळशाच्या डब्याला नाक लावून बसले होते. पुस्तकांतल्या सगळ्या छायाचित्रांत गाडी निघालेली होती. ती परतही येते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“उचलून फिरवू का?” वॉल्टरने विचारलं.

“लोकांसमोर?” डोरीन म्हणाली. “आभाळातून देवाचा हात आल्यासारखा? आपल्याकडे चालत नाही ते.”

“मग दिवे उडवूनच टाकतो.” वॉल्टरने खिशातून चाकू काढला. “उलट्या दिव्यांपेक्षा बिनदिव्याचा बरा.”

“चाकू नको!”

सगळ्यांच्या माना वळल्या. हे कोण ओरडलं म्हणून ऑब्रीही इकडेतिकडे पाहू लागला, आणि मग त्याला कळलं.

“चाकूने... रंग निघेल,” तो पुस्तकाआडून म्हणाला. “दमाने घ्यावं लागेल.”

“हितचिंतक!” डोरीनने कमरेवर हात ठेवले. “म्हणजे तुम्हीच होय! मी काय विचारलं होतं, मिस्टर पिकल्स? हो की नाही?”

सगळे त्याच्याकडे बघत होते. चपटी टोपीसुद्धा.

“मी... पत्राने कळवतो,” ऑब्री म्हणाला आणि दारातून बाहेर पडला. मागे केवढा तरी हशा उसळला. विणकामाचं पुस्तक हातातच राहिलंय, हे त्याच्या घरी आल्यावर लक्षात आलं.

हेस्टरने सगळं ऐकून घेतलं. मध्येच तिला हसू आवरेना म्हणून ती किटली भरायला गेली.

“आणि त्या बाई हसल्या?”

“हसल्या. पण... त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, हेस्टर. छप्पर पाहून. चुकीच्या आधी.”

“मग आता बसलायस काय? लिही.”

“चूक सगळ्या गावाने पाहिली.”

“पाहिली ना? मग आता लपवायला उरलं काय? लिही.”

त्याने लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. पहिल्या कागदावर माफीच माफी होती, दुसऱ्यावर सिग्नलचे नियम. तिसरा हेस्टरने त्याच्या हातातून ओढून मोठ्याने वाचला.

‘प्रिय मिसेस क्रॅबट्री, हो. दिवे मी स्वतः सोडवून घेईन, वॉल्टरना हात लावू देऊ नये. दोन्ही टोकांना तारेचे आकडे बसवीन, म्हणजे दर फेरीला दिवे काढून दुसऱ्या बाजूला अडकवता येतील. खरा गार्डही तेच करी. त्यासाठी कुणीतरी चिमटा घेऊन सतत आत बसावं लागेल. चिमट्याला देवाचा हात म्हणता येणार नाही, असं माझं मत आहे. उद्या दहाला येतो. आपला, ऑब्री पिकल्स.’

“उद्या रविवार, परवा ईस्टरची सुट्टी,” हेस्टर म्हणाली. “हे तिला मंगळवारी मिळणार. तोवर तू दोन दिवस तिच्या शेजारी बसलेला असशील. तोंडाने सांग की!”

“मी पत्राने कळवतो म्हटलंय.”

“मग सगळं आवरल्यावर तिला कळेल की तू येणार आहेस.”

“कळू दे,” ऑब्री म्हणाला. त्याने तिकीट चिकटवलं, ते सरळ बसलंय ना ते पाहिलं, कोट चढवला आणि कोपऱ्यावर गेला. लाल पेटीच्या तोंडाशी त्याने पाकीट जरा वेळ धरून ठेवलं. मग सोडलं.