समोर बसून

"बाय, पोराचं पोट बघ," केसरीनाथांनी दारातूनच सांगितलं. "ही झोप बरी न्हाय."

करिष्माने वहीतून मान वर केली नाही. चारला शिकवणीची मुलं येणार होती आणि मोडकळीला आलेल्या वस्तूंसाठीचे इंग्रजी वाक्प्रचार अजून उतरवायचे होते. दोन दिवस खोकून, रडून सात महिन्यांचा भाविक आत्ता कुठे शांत झाला होता.

"झोपू द्या हो, बाबा," ती वहीलाच म्हणाली.

सासऱ्यांपर्यंत ते पोचलं नाही. भिवंडीत चाळीस वर्षं कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून त्यांचे कान गेले होते; समोरच्याचे ओठ दिसले तरच बोलणं कळायचं. म्हणून बाळाला तिने कधी त्यांच्या भरवशावर सोडलं नव्हतं. रडलं तर यांना कळणार कसं?

'ऑन इट्स लास्ट लेग्ज', तिने लिहिलं. शेवटच्या पायांवर उभं असलेलं, कधीही कोसळेल असं. आता वाक्यात उपयोग. 'माझे सासरे' एवढं लिहून तिला स्वतःचंच हसू आलं.

तेवढ्यात तिचं मनगट कुणीतरी धरलं. लग्नाला तीन वर्षं झाली, सासऱ्यांनी तिला कधी हात लावला नव्हता. ओढतच त्यांनी तिला पाळण्याशी नेलं आणि भाविकचं झबलं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी खोल आत जात होती. आवाज मात्र काहीच नव्हता.

रिक्षात ती मोठमोठ्याने त्याला हाका मारत राहिली.

संध्याकाळी दवाखान्यात, ऑक्सिजन लावल्यावर, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की न्यूमोनिया आहे, पण वेळेत आणलंत. थकलेलं बाळ रडत नाही. कुणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं.

करिष्माने वळून पाहिलं. केसरीनाथ डॉक्टरांच्या ओठांकडेच बघत होते.

"लूमचा आवाज मना कवाच बंद झाला ऐकू यायचा," ते ओशाळून म्हणाले. "निस्ती हालचाल बघायचो. बिघडली का कलायचं."

आभार मानायची त्यांच्या घरात रीत नव्हती. ती त्यांच्यापुढे फरशीवर बसली, तिचं तोंड त्यांना नीट दिसेल अशी.

"बाबा, दुपारी जेवलात का?"

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं.

"न्हाय."

भाविक आता धावतो. तिची शिकवणी चालू असली की तो आजोबांपाशी असतो.

तुमच्याही घरात हाकेला ओ न देणारं कुणी असेल. हे वाचून झालं की उठा, त्यांच्या समोर जाऊन बसा, आणि जेवलेत का ते विचारा.