मोकळ्या शिंगांचं वर्ष

डेटलेफ वोलर्सनं कुंपणाच्या आडव्या दांडीवरून एक पाय पलीकडे टाकला, हातातलं फुलांचं कडं खांद्याला अडकवलं आणि दुसरा पाय ओढून घेतला. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या मानानं उडी बरी होती. पलीकडे चिखल होता, शेण होतं, आणि डोंगरावरून नुकतीच उतरलेली गुरं होती.

"डेटलेफ, कुंपण आहे ते," त्याची बायको गेझा हळूच म्हणाली.

"कुंपण गुरांसाठी असतं." त्यानं मागं वळून पाहिलंही नाही. "कार्यक्रमपत्रिकेत स्वच्छ छापलंय, प्रत्येक कळपापुढं मुकुट घातलेली गाय. यांचा मुकुट कुठाय?"

"विसरले असतील रे. ये ना परत."

"विसरले असतील, म्हणूनच तर."

आणि तो निघाला. ते कडं त्यानं सकाळी बाजारातून ब्रेमेनच्या घराच्या दाराला लावायला म्हणून घेतलं होतं.

उन्हाळाभर वर चरायला ठेवलेली गुरं सप्टेंबरात खाली आणायची, पुढच्या गाईला फुलांचा मुकुट, बाकीच्यांच्या गळ्यात घंटा, आणि मग ज्याची गुरं त्याला वाटून द्यायची, असा दक्षिण जर्मनीतल्या हिंटरआख गावचा सण. तीन कळप वाजतगाजत आले होते. चौथा आला तेव्हा बँड थांबला. डेटलेफनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "बघ, जेवायची सुट्टी घेतली. पाहुणे उभे, आणि हे जेवायला."

निवृत्तीनंतर ते दोघं सण पाहत हिंडत होते. जर्मनीत सण पुष्कळ, आणि डेटलेफच्या मते त्यांतले बहुतेक ढिसाळ. कलोनच्या कार्निवलात एका ठरावीक गुरुवारी बायका कात्र्या घेऊन पुरुषांचे टाय कापत फिरतात. त्या दिवशी हा नेमका रेशमी टाय घालून गेला, आणि कात्री घेऊन आलेल्या पहिल्याच बाईला त्यानं मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा समजावून सांगितला. ऱ्हाइनकाठच्या वाइनच्या जत्रेत त्यानं बँडवाल्यांचा ताल सुधारला. नाताळच्या बाजारात गरम वाइनवाल्याला ती पुरेशी गरम नसल्याचं सिद्ध करून दाखवलं.

अशा वेळी गेझा चार पावलं बाजूला सरकून जवळच्या दुकानाच्या काचेत बघत राही. देशातली बरीचशी शहरं तिनं अशीच पाहिली होती. लायप्झिगमधले चष्मे, बामबेर्गमधल्या उशा, माइन्झमधली कुबड्या आणि कंबरपट्ट्यांची एक फार चांगली मांडणी.

इथं काच नव्हती. कुंपण होतं, आणि मागं डोंगर.

डेटलेफ गाईपाशी पोचला. गाय करडी, थोराड आणि समजूतदार होती. तिच्याशेजारी गुराखी उभा होता, पन्नाशीचा, हातात टोपी. डेटलेफनं त्याला मान लववून नमस्कार केला, कडं गाईच्या शिंगात अडकवलं, नीट सरळ केलं, दोन पावलं मागं येऊन पाहिलं, आणि पुन्हा पुढं होऊन आणखी थोडं सरळ केलं. मग खिशातून फोन काढला.

कुंपणापाशी उभी असलेली माणसं एकेक करून बोलायची थांबली.

"जरा जवळ या तिच्या!" डेटलेफचा आवाज मैदानभर गेला. "आणि हसा की जरा! सण आहे!"

लोकरी जाकीट घातलेली एक म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढं आली आणि गेझाशेजारी दांडीला टेकली.

"हे कुठलं ध्यान?" ती म्हणाली. "तुमच्यातलं आहे का हो?"

गेझानं डोंगराकडं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुम्हीही बाहेरगावच्या दिसताय."

"हो. पण एकटी आलेय."

"मी क्रेसेंझ. पलीकडचं पिवळं घर माझं." म्हातारीनं मैदानाकडं हनुवटी केली. "तो वीटुस. तो आणि त्याचा भाऊ कोर्बिनियान, दोघं मिळून दर उन्हाळ्याला गुरं घेऊन वर जायचे. जुलैत वीज पडली. दोन कालवडी गेल्या आणि कोर्बिनियान गेला. वर कुणी दगावलं की त्या वर्षी मुकुट नाही. गाय मोकळ्या शिंगांनी खाली येते. पोराटोरांनाही ठाऊक असतं."

गेझाचे हात दांडीवर होते. ते तिनं खाली घेतले आणि कोटाच्या खिशात घातले. आता जायला हवं, असं तिला वाटलं. दांडी काही फार उंच नव्हती. बाजूला फाटकही होतं, आणि ते उघडं होतं.

ती उभी राहिली.

तिकडं वीटुसनं काहीतरी सांगितलं. फार नसावं, कारण त्याचे ओठ जेमतेम हलले. डेटलेफचा फोन धरलेला हात हळूहळू खाली आला. मग डेटलेफनं आपली टोपी काढली, कडं दोन्ही हातांनी उतरवलं, आणि शिंगाच्या खाचेत अडकलेल्या बारीक जांभळ्या फुलांच्या काड्या नखानं एकेक वेचून काढू लागला. गाय त्याच्या बाहीला नाक लावत होती. त्याचे खांदे असे पडलेले गेझानं कधी पाहिले नव्हते. खात्यानं निरोपसमारंभ केला तेव्हाही नाही.

"पळाला नाही, एवढं मात्र आहे," क्रेसेंझ म्हणाली. "इतर पाहुणे असतात ना, ते गाडीत जाऊन बसतात."

वीटुस गाईला घेऊन पाण्याच्या हौदाकडं निघाला. डेटलेफ टोपी हातात धरून त्याच्या मागोमाग गेला.

"बिचारा एकटाच दिसतोय," क्रेसेंझ म्हणाली. "बायको असती तर तिनं कॉलर धरून मागं ओढला असता की. नाही का?"

"हो," गेझा म्हणाली.

"चला, तुम्ही माझ्याबरोबर जेवा. एकट्या बाईमाणसानं या तंबूत जागा शोधायची म्हणजे पुढचा सण उजाडेल."

तंबूत लांबच लांब बाकं होती, बियरचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. क्रेसेंझनं चीजमध्ये घोळलेल्या शेवया आणल्या, वर तळलेला कांदा. बाकावरच्या माणसांना तिनं गेझाची ओळख करून दिली: या ब्रेमेनच्या, एकट्या हिंडतात, हिंमत लागते. माणसांनी ग्लास उचलले. एकानं समोरून विचारलं, "भीती नाही वाटत, बाई?" गेझानं तोंडात घास आहे असं दाखवलं.

तिला डेटलेफ दिसला तेव्हा तो तंबूच्या तोंडाशी ताट घेऊन उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल. तो बाकांच्या रांगांवरून नजर फिरवत होता. तो तिलाच शोधत होता.

"ए पाहुणे!" क्रेसेंझनं हात हलवला. "या इकडं. आता काय उभ्यानं खाणार का? वीटुसनं तुम्हाला खाल्लं नाही, आम्हीही नाही खाणार."

डेटलेफ आला. त्याला गेझा दिसली, आणि त्याचा चेहरा एकदम सैलावला, गर्दीत हरवलेल्याचा आपलं माणूस दिसल्यावर सैलावतो तसा. तो काहीतरी बोलणार होता.

"बसा या बाईंच्या शेजारी," क्रेसेंझ म्हणाली. "याही तुमच्यासारख्याच उत्तरेकडच्या. याही एकट्याच आल्यात. मघाशी कुंपणाशी मी विचारलं, तुमच्यातलं आहे का हे ध्यान, तर म्हणाल्या, छे, नाही! रागावू नका हं, तेव्हा आम्हाला काय माहीत तुम्ही बरे आहात म्हणून."

डेटलेफ गेझाकडं बघत राहिला. बाकावर कुणीतरी कशावर तरी मोठ्यानं हसलं. मग त्यानं ताट खाली ठेवलं, तळवा पँटला पुसला आणि तिच्यापुढं हात केला.

"वोलर्स," तो म्हणाला. "ब्रेमेन."

त्यानं हे अगदी सभ्यपणे म्हटलं. त्यात टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

गेझानं त्याचा हात हातात घेतला. तो गार होता, हौदाच्या पाण्यानं गार. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केल्याचं तिला आठवेना.

"मीही वोलर्स," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "मीही वोलर्सच आहे."

क्रेसेंझनं दोघांकडं पाहिलं. मग टेबलावर हात आपटून ती हसली.

"ऐकलंत का रे! हाही वोलर्स, याही वोलर्स! अहो, ब्रेमेनमध्ये दुसरं आडनाव नाही का कुणाला?"

गेझा डेटलेफकडं बघत होती. आता त्याच्या एका शब्दाचं काम होतं.

"हे आडनाव तसं तिकडं बरंच आढळतं," डेटलेफ म्हणाला आणि ग्लास जवळ ओढला.

"मग सरका की जरा, वोलर्सबाई. गाववाल्याला जागा द्या."

गेझा सरकली. डेटलेफ बसला, प्रवासात अनोळखी माणसं बसतात तसा, मध्ये एक पिशवी मावेल एवढी जागा सोडून. आणि तिनं आपल्या ताटातला कांदा त्याच्या ताटात सरकवला तेव्हा त्यानं मान किंचित लववून आभार मानले.