तिसऱ्या चेहऱ्याची हनुवटी

वसुधाबाई भोपाळमधल्या इंद्रपुरीतल्या विज्ञान मंडळाच्या दालनात शिरल्या, तेव्हा त्यांचे पाचही चेहरे भिंतीवरून उतरवून टेबलावर मांडलेले होते. माणसाच्या उत्क्रांतीचे पाच टप्पे, पुढे आलेल्या जबड्याच्या पहिल्या चेहऱ्यापासून आजच्या माणसापर्यंत, सगळे प्लास्टरचे. शहाऐंशी साली, शाळेत चित्रकला शिकवत असताना, त्यांनी ते स्वतःच्या हातांनी घडवले होते.

"नमस्कार बाई," निनाद म्हणाला. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता दालन सांभाळायचा. "वाईट वाटून घेऊ नका, पण तिसरा काढावा लागणार. लाखो वर्षांपूर्वीची बाई, आणि तिला हनुवटी? तेव्हा कुणालाच नव्हती. हनुवटी फक्त आपल्याला आहे. पाहणीला आलेले साहेब सीधा बोले, हटाओ इसे."

वसुधाबाईंनी तिसरा चेहरा जवळ ओढला. भुवयांचं हाड जाड, नाक पसरट. सगळं पुस्तकातल्या चित्राप्रमाणे. खाली मात्र खळी पडलेली नाजूक हनुवटी. ती त्यांच्या आईची होती. छप्पन साली वडिलांची कचेरी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा आईही आली आणि पाच वर्षांत गेली. वसुधा तेव्हा चौदा वर्षांची. आईचा एकुलता एक फोटो भोपाळच्या कोटरा वस्तीतल्या घरात ओलीनं खाल्ला. पुढे माती हातात घेतली, तेव्हा बोटांनी विचारल्याशिवायच ही हनुवटी घडवली. आईचं म्हणून जगात आता एवढंच उरलं होतं.

"काढून ठेवणार कुठे?"

"गोदामात."

"म्हणजे चुरा. चौथ्याचा कान तिथंच मोडला होता." त्यांनी पदर खोचला. "चेहरा बरोबर आहे रे. चूक दोन बोटांची आहे. बारीक करवत आण."

"रहने दो ना बाई, तडकलं तर?"

"तू चौकोनी सूर्य काढायचास, तेव्हा मी काही बोलले होते?"

"बोलला होतात. कानही पिळला होतात."

"मग लक्षात आहे ना! आण करवत."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांनी करवत सरळ रेषेत चालवली. हनुवटी अलगद सुटून त्यांच्या तळव्यात आली. मागे राहिलेली जागा त्यांनी कानशीनं घासून गळ्याकडे उतरती केली. तिसरी बाई आता खरोखर तिच्या काळातली दिसू लागली.

निनादनं कचऱ्याचा डबा पुढे केला. वसुधाबाईंनी तो कोपरानं बाजूला सारला आणि पाचवा चेहरा ओढला. सहलीला आलेल्या मुलांनी हात लावून लावून त्याची हनुवटी कधीच फोडली होती. आतली तार बाहेर डोकावत होती. त्यांनी तार वाकवली, ओलं प्लास्टर भरलं, आईची हनुवटी तिथं बसवली आणि सांधा अंगठ्यानं सारखा केला.

"पण बाई, हा तर पुरुष आहे!"

"मग काय झालं? माझ्या भावालाही हीच होती, प्रभाकरला. खळी दिसू नये म्हणून जन्मभर दाढी वाढवली वेड्यानं."

निनाद हसला. लांब जाऊन त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "चूक शोधून सापडणार नाही आता. समोर दोरी बांधू का? मुलं पुन्हा हात लावतील."

"मुळीच बांधू नकोस," वसुधाबाई हात पुसत म्हणाल्या. "मीसुद्धा आईच्या कडेवर बसून त्याच खळीत बोट घालायचे. म्हणून तर लक्षात राहिली."