ती का ते?

टिटवीनं उजवा हात खांद्यापासून ताठ केला आणि पाण्यावरच्या लाल ठिपक्यावर बोट रोखलं. तो ठिपका म्हणजे बाबा. लाल रंग त्यांच्या फुगलेल्या जॅकेटचा.

"बाबा पडले! आई, बाबा पडले!"

आवाजावरूनच तिचं नाव टिटवी पडलं होतं, त्यामुळे आईला दोनदा सांगायची गरज नव्हती. आईनं सुकाणू एका हातात ठेवून दुसऱ्या हातानं मागचं तरंगणारं पांढरं कडं उपसलं आणि पाण्यात फेकलं. पुढच्या शिडाचा दोर अडकला म्हणून बाबा बोटीच्या टोकाला गेले होते. बोटीला अडकवलेला कमरेचा पट्टा तिथवर पुरेना, म्हणून तो त्यांनी घटकाभर काढला, आणि नेमकी तेव्हाच लाट बाजूनं आली. एवढंच झालं. तेही दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात. कालच्या आख्ख्या वादळात ज्या माणसाला ओरखडासुद्धा आला नव्हता, तो वादळ ओसरल्यावर पडला.

नियम एकच होता. ज्यानं पडताना बघितलं, त्यानं बोट रोखायचं आणि दुसरं काहीही करायचं नाही. दोराला हात लावायचा नाही, रडायचं नाही, मागे बघायचं नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे तांदळातला खडा. एकदा नजर हलली की गेला.

घर सोडून बोटीवर राहायला आल्यापासून बाबा याचा सराव घेत. रिकामा पिवळा कॅन पाण्यात टाकायचा आणि "भाऊसाहेब पडले!" म्हणून बोंब ठोकायची. कॅनला भाऊसाहेब हे नाव आईनं दिलं होतं, कारण त्याचं पोट तिच्या जुन्या साहेबांसारखं होतं. टिटवीला तेव्हा हसू आवरायचं नाही.

"बोट फिरली तरी बोट फिरवायचं नाही," बाबा बजावायचे.

मग तिचा चार वर्षांचा भाऊ गोट्या न चुकता विचारायचा, "ती का ते?"

पाण्यात चालते ती बोट, हाताला असतं ते बोट, हे त्याला बाबांनीच शिकवलं होतं. आता ते त्यांच्याच मानगुटीवर बसलं होतं. घरात कोणी बोट म्हणायचा अवकाश, की याचा प्रश्न तयार.

सरावात कॅन पडला की बाबा लगेच इंजिन चालू करत आणि बोट गर्रकन वळवत. आज आईचा हात इंजिनाच्या बटणापर्यंत गेला आणि मागे आला. बाबांच्या हातून सुटलेला दोर बोटीच्या पोटाखाली ओढला गेला होता. इंजिन लावलं असतं तर तो पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळला असता आणि सगळाच खेळ खलास झाला असता. टिटवीला यातलं काही दिसत नव्हतं. बोट वळत नाहीये, उलट पुढेच चाललीय, एवढंच तिला कळत होतं.

"आई, वळव ना!"

"बोट बघ."

"ते लांब राहिले, आई!"

"टिटवे, बोट!"

शिडात वारा भरलेला होता. बोट उधळल्यासारखी चालली होती. ठिपका टिकलीएवढा झाला. टिटवीला सकाळचं आठवलं. तिच्या बिछान्याची लाकडी भिंत इतकी पातळ होती की पलीकडचं कुजबुजणंही ऐकू यायचं, आणि सकाळी तर कोणी कुजबुजत नव्हतं.

"आठ दिवस म्हणाला होतास," आई म्हणत होती. "बोट दिलं तर मनगट धरलंस. बस्स झालं. पुढच्या बंदराला मी मुलांना घेऊन उतरतेय. तू आणि तुझी बोट, बसा एकमेकांच्या तोंडाकडे बघत."

"ती का ते?" गोट्या पांघरुणातून बोलला होता, आणि पहिल्यांदाच कोणी हसलं नव्हतं.

आई बाबांना सोडून चाललीय. असा विचार आपल्या मनात आला याचीच टिटवीला भीती वाटली. आईचं तोंड एकदा दिसलं असतं तर खरं-खोटं कळलं असतं. त्यासाठी मान वळवावी लागली असती. तिनं दात-ओठ खाऊन ती वळवली नाही.

"ताई, कोण पडलं?" मागून आवाज आला. "भाऊसाहेब?"

गोट्या जागा झाला होता. खालच्या खोलीतून वर येणाऱ्या पायऱ्यांवर त्याचे पाय वाजले.

"गोट्या, तिथंच थांब! वर यायचं नाही!" आई ओरडली.

थांब म्हटल्यावर थांबेल तो गोट्या कसला! त्याचं जॅकेट खाली खुंटीला, पट्टा खाली, आणि हे अनवाणी ध्यान ओल्या फळ्यांवर चालत येत होतं. आईला सुकाणू सोडता येत नव्हतं. टिटवीला नजर सोडता येत नव्हती. बोट एका अंगावर कलंडली तसे तिच्यामागे गोट्याचे पाय घसरले आणि सावरले. तिनं डावा हात मागे लांब केला.

"गोट्या, माझं बोट धर."

"ती का..."

"ते! ते बोट! धर पटकन. आणि सोडलंस तर याद राख."

एक छोटी, गरम मूठ तिच्या बोटाभोवती घट्ट बसली. मग गोट्या तिच्या पायाला येऊन चिकटला.

तेवढ्यात मोठी लाट उठली आणि खाली बसली. लाल ठिपका नव्हता. टिटवीनं डोळे मिचकावले. पाणी, ऊन, पाणी. कुठंच नव्हता.

"दिसतात का?" आईनं विचारलं.

हो म्हणावंसं तिला फार वाटलं.

"नाही."



"बोट कुठंय तुझं?"

"होतं तिथंच."

"मग तिथंच ठेव. आता वळतेय मी. डोकी खाली!"

टिटवी गुडघ्यांवर बसली आणि गोट्याला तिनं पोटाशी दाबलं. शिडाचा आडवा दांडा दोघांच्या डोक्यावरून सणसणत गेला आणि धाडकन पलीकडे आदळला. आख्खी बोट फिरली. आकाश फिरलं, सूर्य पाठीवरून तोंडावर आला. गोट्याला ओढत टिटवी गुडघ्यांवरच उलटी फिरली, म्हणजे बोट होतं तिथंच राहावं. आधी ते मागे दाखवत होतं, मग बाजूला, मग थेट समोर. बोटीचं टोक हळूहळू त्याच्या रेषेत आलं.

"तिकडंच?" आई.

"तिकडंच."

खरं म्हणजे तिला काहीच दिसत नव्हतं. हात खांद्यातून तुटून पडेल असं वाटत होतं. मग तिच्या बोटाच्या टोकाशी, अगदी टोकाशी, काहीतरी पांढरं वर आलं. ते कडं होतं. आणि कड्यात लाल.

"आई! आई, आहेत!"

आईनं बोट वाऱ्याच्या तोंडावर आणली. शिडं फडफडायला लागली आणि बोट बाबांच्या शेजारी येऊन थबकली. आईनं दोर टाकला, मागची शिडी सोडली. बाबा एक पायरी चढले आणि घसरले, पुन्हा चढले. आईनं त्यांची कॉलर दोन्ही हातांनी धरून त्यांना आत ओढलं.

"पट्टा काढलास! गाढवा, पट्टा काढलास!" ती ओरडली, आणि त्याच कॉलरमध्ये तोंड खुपसून रडली.

थोड्या वेळानं शिडं उतरवलेली होती आणि बोट नुसतीच डुलत होती. गोट्याच्या अंगावर आता जॅकेट होतं. ते घालतानाही त्यानं ताईचं बोट सोडलं नव्हतं, त्यामुळे त्याची एक बाही लोंबत होती. बाबा दोन ब्लँकेटांत गुंडाळून बसले होते. दातावर दात वाजत होते.

"आई, तू आधी लांब का नेलीस?" टिटवीनं विचारलं.

"नुसत्या शिडावर असलं की जागच्या जागी वळता येत नाही, राणी. आधी थोडं लांब जावं लागतं. मगच परत येता येतं."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग खाली, तिच्या बिछान्यालगतच्या त्या पातळ लाकडी भिंतीकडे पाहिलं. आणि बराच वेळ ती तिकडेच बघत राहिली.

बाबा घसा खाकरून आईला म्हणाले, "तुझंच बरोबर होतं. पुढच्या बंदराला बोट सोडू आपण."

"ती का ते?" गोट्यानं विचारलं.

आता मान वळवायला काही हरकत नव्हती. टिटवीनं ती वळवली आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. तिचा उजवा हात मात्र अजून तसाच होता, कठड्यावरून बाहेर, रिकाम्या पाण्याकडे रोखलेला. कोपर वाकतच नव्हतं.

आई उठून तिच्याजवळ आली. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, खांद्यापासून चोळत खाली आणला, आणि ताठरलेलं बोट हलकेच मुठीत मिटलं.

"ते," ती गोट्याला म्हणाली. "सोडायचं फक्त ते. सोड गं आता, टिटवे. सापडले ना बाबा."

बाबांनी ब्लँकेटातून डोकं वर काढलं.

"बघतोस काय? सुकाणू धर," आई त्यांना म्हणाली. "मी चहा टाकते. आणि आधी पट्टा लाव."

ती पायऱ्या उतरून खाली गेली. टिटवीनं मिटलेली मूठ मांडीवर ठेवली. डाव्या हाताचं बोट गोट्यानं अजून धरूनच ठेवलं होतं.